दोन नावं, एकच बंडी

बाबू,

तुझा मेसेज काल लाइट गेली तवा वाचला. ॲनालायझरनं, म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणाऱ्या टूलनं, ढीगभर वॉर्निंग दिल्या म्हणून तू तो बंदच करतो म्हणतोस, थांब जरा. त्यातली शून्यानं भागाकाराची एक पाह्य. तुले ती खोटी वाटते कारण ज्यानं भागतोस त्या अ.क्विंटल मधे (अ ऑब्जेक्टमधला क्विंटल नावाचा आकडा) तूच दोन ओळी आधी 10 टाकलेत, पण मधात ब.क्विंटल = 0 आहे ना बाप्पा, अन अ अन ब ही एकाच ऑब्जेक्टची दोन नावं असली तर? एकाच बंडीले बाप मोठी बंडी म्हणते, काका लाल बंडी म्हणते. काकानं लाल रिकामी केली तर मोठीतही कापूस राह्यत नाही. म्हणजे आकडा काढायच्या आधी कोण कोणाकडे पॉइंट करते हे पाहावं लागते. मी लय दिवस हिप (मेमरीत ऑब्जेक्ट राह्यतात ती जागा) वेगळा अन आकडे वेगळे असंच धरून बसलो होतो, मार खाल्ला.

अ अन ब एकच का वेगळे हे टूलले नक्की माहीत नसलं की ते जुनं पुसत नाही, जुनं नवं दोन्ही धरते, 0 ते 10. याले वीक अपडेट म्हणतात. अन लूपमधे न्यू केलं, म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवला, तर त्या ओळीतून निघालेले सगळे ऑब्जेक्ट ते बहुतेक एकच समजते. जिनिंगात काट्यावर प्रत्येक बंडी वेगळी मोजतात, पण एकदा गंजीत ओतल्यावर कोणाचा कापूस कोणता, सांग बरं? तुझ्या बऱ्याच खोट्या वॉर्निंग ह्या गंजीतूनच आल्या.

असं ढोबळ काहून करतात? राइस नावाच्या गणितज्ञानं 1953 मधेच दाखवलं की प्रोग्राम कसा वागेल याचं दरवेळी बिनचूक हो-नाही सांगणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही. मग पॅट्रिक अन राधिया कुझो, कॉम्प्युटर सायन्सवाले दोघं नवराबायको, त्यांनी 1977 मधे वाट काढली की नेमका आकडा सोडा, खरे सगळे आकडे ज्यात मावतील अशी रेंज धरा, अन लूपमधे रेंज वाढतच राह्यली तर सरळ अनंतापर्यंत ढकला म्हणजे टूल तरी थांबेल. ते वाइडनिंग. कागदावर करून पाह्य, वाचून नाही समजत.

आता अ साठी न्यू एका ओळीत, ब साठी दुसऱ्या ओळीत, दोन्ही लूपच्या बाहेर, असं करून परत चालव. तरी ती वॉर्निंग उरली तर कोड पाठव, तिथं मलेही डोकं लावा लागन. पोळ्याले येतोच आहे गावाले, लॅपटॉप चार्ज करून ठेवजो.