वाचकांचे प्रश्न : स्टॉल आला की गणितच फिसकटलं?

प्रश्न : अक्षीय कॉम्प्रेसरच्या रोटरचं (फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचं) सीएफडी, म्हणजे संगणकावर प्रवाहाचं गणित, करतो आहे, दोन पात्यांमधला एकच मार्ग घेऊन. बाहेरचा दाब वाढवत नेला की एका टप्प्यावर सोल्युशन फिसकटतं. तोच स्टॉलचा, म्हणजे पात्यांवरून प्रवाह सुटण्याचा, बिंदू धरायचा का?

उत्तर : नाही. दाब-प्रवाहाचा आलेख स्टॉलजवळ सपाट होतो. तिथे दाब जरासा बदलला तरी प्रवाह भलताच हलतो, आणि ठरावीक दाबाची अट दिलेलं गणित पुष्कळदा खऱ्या स्टॉलच्या आधीच कोसळतं. त्या भागात बाहेर प्रवाहाची अट द्या, नाहीतर थ्रॉटल झडपेची, म्हणजे दाबवाढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. पायऱ्या लहान करत जा आणि प्रत्येक पायरी आधीच्या स्थिरावलेल्या सोल्युशनवरून सुरू करा. फक्त रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) बघून थांबू नका. आत-बाहेरचा प्रवाह जुळतो का आणि कार्यक्षमता स्थिरावली का, तेही पाहा.

मग जाळी, म्हणजे गणितासाठी जागेचे पाडलेले लहान तुकडे (पेशी). एसएसटी हे प्रवाहातल्या खळबळीचं मॉडेल भिंतीपर्यंत सोडवत असाल तर वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या पेशीचं मितिहीन अंतर) 1 च्या आसपास हवा, आणि पात्याचं टोक व केसिंग (बाहेरचं कवच) यांच्या फटीत त्रिज्येच्या दिशेने निदान 15-20 पेशी. फट ड्रॉइंगवरची घेऊ नका. फिरताना पातं ताणलं जातं, केसिंगही तापून फुगतं; खरी फट वेगळीच असते, आणि स्टॉलची सीमा तिच्यावर फार अवलंबून असते.

एवढं करूनही एक अडचण उरते. स्पाइक प्रकारचा स्टॉल दोन-तीन मार्गांपुरता उठतो आणि परिघावर फिरतो. एकाच मार्गाच्या गणितात सगळी पाती एकदम स्टॉल होतात. त्याला पूर्ण वर्तुळाचं, काळानुसार बदलणारं गणितच लागतं. सर्ज, म्हणजे सगळा प्रवाहच मागे-पुढे हेलकावणं, तर आणखी पुढची गोष्ट. त्यात पुढच्या नळ्यांचं आणि टाकीचं आकारमानही येतं.

प्रश्न : चाचणीतली कार्यक्षमता गणितापेक्षा दोन टक्के कमी येते. मॉडेल चुकलं का?

उत्तर : आधी तापमापक तपासा. दाब-गुणोत्तर (बाहेरचा दाब भागिले आतला) 1.5 आणि आत 288 केल्विन असेल, तर आदर्श तापमानवाढ सुमारे 35.4 केल्विन. कार्यक्षमता 88 टक्के असेल तर प्रत्यक्षात 40.2. बाहेरचा तापमापक एकच केल्विन जास्त दाखवत असेल, तर हिशेब थेट 86 टक्क्यांखाली येतो! आतले-बाहेरचे प्रोब (तापमापक) एकाच स्थिर तापमानाच्या बाथमध्ये कॅलिब्रेट करा आणि रिकव्हरीची दुरुस्ती लावा, कारण वाहत्या हवेत प्रोब पूर्ण तापमान दाखवत नाही. मॉडेलवर संशय त्यानंतर.