वेतोबाची रातपाळी

प्रिय मनू,

रविवारी आजीशी बोलून झाल्यावर तू मला विचारलंस, "आई, आजीने आयुष्यभर एवढे कष्ट केले, तरी ती देवाला म्हणते की तू मला काही कमी केलं नाहीस. तिला तर सगळं कमीच मिळालं. मग ती आभार कसले मानते? हे बरोबर नव्हतं असं तिला कुणी सांगितलंच नाही का?" मी भांडी आवरत होते, "सांगते नंतर" एवढंच म्हणाले. पण प्रश्न लागला मला. तू तो तिची बाजू घेऊन विचारला होतास म्हणून जास्तच लागला. बोलायला बसलं की माझं मराठी आणि तुझं इंग्रजी एकमेकांत अडकतं, म्हणून लिहिते आहे. काही अडलं तर विचार.

आजीला तू पाहतेस ती खुर्चीत बसलेली, चष्मा पुसणारी, बायमावशीने मोबाइल धरला की त्यात डोळा घालून बघणारी. मी पाहिलेली आजी बसलेली नसायचीच. आमच्या कोकणात, शिरोड्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. टोरांटोला बर्फ धरूनही वर्षाला साधारण ८०० पडतो, म्हणजे आपली पावणेचार वर्षं तिच्या चार महिन्यांत कोसळतात. त्या पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, कमरेत वाकून ती दिवसभर भाताची लावणी करायची. तरवा काढायचा, जुड्या बांधायच्या, चिखलात एकेक रोप खोवत मागे मागे सरकायचं. आमची शेतं थोडी, म्हणून आपलं झालं की दुसऱ्यांच्यात मजुरीला. मी आणि बायमावशी दुपारी पेजेचं भांडं आणि भाजलेलं सुकट घेऊन बांधावर जायचो, आणि लांबूनच कळायचं की आई कुठल्या रांगेत आहे, कारण त्या रांगेतल्या बायका हसत असायच्या.

घराचे नळे, म्हणजे कौलं, दरवर्षी पावसाआधी परतून घ्यायला लागतात, फुटके काढून नवे घालायला लागतात. आजोबा मुंबईला, परतायला माणूस वेळेवर मिळायचा नाही, मिळाला तर पैसे नसायचे. मग घर गळायचं. माजघरात जिथे जिथे धार लागेल तिथे आजी टोप, तांब्या, परात मांडायची आणि आम्हाला म्हणायची, "भजनी मंडळ इला गो, गप बसान ऐका." आम्ही अंथरुणात पडून टोपाचा आवाज चांगला की परातीचा यावर भांडायचो. तेव्हा मला ते घर गरीब वाटलं नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, आम्ही झोपल्यावर ती भांडी कोण ओतत होतं? सकाळी सगळी रिकामीच असायची.

आजोबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. एकाची रातपाळी, एकाची दिवसपाळी, अंथरूण तेच. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. बाकीचं वर्ष मनिऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कुणी कधी मागे घेतलाच नाही, गिरण्याच एकेक करून संपल्या. आजोबा ट्रंक घेऊन घरी आले. आम्हाला आनंद, बाबा कायमचे आले म्हणून. ते मात्र पडवीत बसून राहायचे. घरात आवाज झाला की दचकायचे नाहीत, आवाज नसला की दचकायचे. साच्यांच्या खडखडाटात इतकी वर्षं काढलेला माणूस.

त्या वर्षी आजी काजूच्या कारखान्यात जायला लागली. काजूबीच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. बायका हाताला राख चोळून, खोबरेल लावून बिया फोडतात, तरी बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. आजी घरी आल्यावर हात पुढे करून म्हणायची, "माजी मेंदी बघा, लग्नातसुद्धा एवढी रंगाक नाय." आजोबांना हसवायला म्हणायची, हे मला फार नंतर कळलं. ते पहिल्यांदा हसले तो दिवस बायमावशीला अजून आठवतो.

आता देवाचं. आरवलीचा वेतोबा तुला माहीत आहे, आपल्या फ्रिजवर त्याचा फोटो आहे. शिरोड्याहून आरवली लांब नाही, आम्ही चालतच जायचो. त्याला केळ्यांचा घड देतात, आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात अशी सगळ्यांची श्रद्धा. लहानपणी मी त्या झिजलेल्या चपला डोळे फाडून बघायचे. आजीला विचारलं, देव झोपत नाही का? ती म्हणाली, "तुझ्या बापाशीसारखी त्येका पण रातपाळीच आसा."

मनू, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असलंच तर ते या वाक्याच्या जवळपास कुठेतरी आहे. आजीचा देव वर बसून देणारा आणि न देणारा नव्हता. तोही पावसात चालणारा, चिखलात पाय घालणारा, दमणारा. देवळातलं रीतसर गाऱ्हाणं गुरव नाहीतर मानकरी घालतात, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतात आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते तू इथल्या गणपतीत ऐकलं आहेस. आजीचं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळं असायचं. सगळे बाहेर पडले की ती खांबापाशी थांबायची आणि हलक्या आवाजात त्याला सगळं सांगायची. तांदूळ किती उरलेत, म्हैस आटली, पोरीची फी राहिली. कारखान्यात जायला लागली तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. तिने ते काळे हात त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, "बघ रे." तक्रारीचा सूर नव्हता. दिवसभर काम करून आलेली बाई दुसऱ्या दमलेल्या माणसाला जसं दाखवेल, तसं.

हे लिहिताना मला ते फार सुंदर वाटतं आहे, आणि त्याच वेळी तुझा प्रश्नही मागे उभा आहे. सोळा-सतरा वर्षांची असताना मीही तुझ्यासारखीच चिडायचे. वाटायचं, हा देव तिला गप्प ठेवतो. कारखान्यात मजुरी फार कमी होती, आणि ती घरी येऊन दिवा लावून हात जोडते! पण मग एक गोष्ट झाली, ती तुला कुणी सांगितलेली नाही. मजुरी वाढवून मागायचं बायकांनी ठरवलं आणि मालकासमोर बोलायला कुणी तयार होईना. आजी पुढे झाली. म्हणाली, "त्येच्याकडे मागून झाला, आता तुमच्याकडे मागूक इलंय." बायका हसल्या, मालकही हसला, आणि मग तिने हिशेब मांडला, किती किलो फोडले की किती मिळतं, तोंडपाठ. मजुरी थोडी वाढली. तेव्हा श्रद्धेने ती गप्प बसली असं मला म्हणता येत नाही. पण ती वाढ मिळाल्यावर घरी येऊन तिने पहिला नारळ वेतोबाला ठेवला, सगळं त्याच्याच नावावर लिहून टाकलं, याचा मला आजही थोडा राग येतो. बोलली ती होती.

आणि बाळामामा. भिंतीवरच्या फोटोतला. तो तापाने गेला, ऐन पावसात, पाणी भरलं होतं आणि डॉक्टरपर्यंत पोचता आलं नाही. त्या वर्षी आजी आरवलीला गेली नाही. घरात दिवा लावायची, पण देवाकडे बघायची नाही, पाठमोरी लावायची. आम्ही कुणी काही बोललो नाही. पुढच्या वर्षी एक दिवस उठली आणि एकटीच चालत गेली. काय बोलली, त्याच्याशी भांडली की रडली, तिने कुणाला सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. म्हणून तू म्हणतेस की तिला कुणी सांगायला हवं होतं, तेव्हा मला वाटतं, तिला सांगायची गरज नव्हती. तिला माहीत होतं. माहीत असून ती गेली. का गेली, हे मी तुला समजावून देऊ शकत नाही. मला स्वतःलाच ते पुरतं पटलेलं नाही, तरी त्यापुढे माझी मान झुकते.

हसण्याचंही तसंच. तू म्हणशील, आजी दुःख लपवायला हसते. कधी कधी तसं असेलही. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २६ जानेवारी १९९८ ला, त्यानंतर मी तिला पहिल्यांदा रेल्वेने मुंबईला आणलं. त्याआधी तिचा प्रवास म्हणजे एसटी, आणि लग्न झाल्या वर्षी आगबोट. किनाऱ्यावरून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, उलट्या करत भाऊच्या धक्क्याला उतरायचं. रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा बोगदा लागला, साडेसहा किलोमीटरचा. डबाभर अंधार, सगळे गप्प. आणि आजीचा आवाज, "देवान दिसाढवळ्या रात केल्यान, आता तरी माका निजांदे." सगळा डबा हसला. त्यात तिने काय लपवलं होतं? तिला गंमत वाटली होती, एवढंच. दिवसा झोपायची मुभा तिला त्याआधी कुणी दिली नव्हती हेही खरं. मला दोन्ही दिसतं, आणि यातलं एकच खरं धर असं मी तुला सांगणार नाही.

गणपतीत आपल्याकडे गाऱ्हाणं घालतात तेव्हा तू दाराशी उभी राहतेस, हात जोडत नाहीस, ते मी पाहिलं आहे. तुझा बाबाही एकदा मला म्हणाला, तिला आत बोलाव. मी नको म्हटलं. तू दारात उभी राहिलीस तरी मला चालतं, खरंच. "व्हय म्हाराजा" म्हणावंसं वाटलं तर म्हण, नाही वाटलं तर मोदक वाढायला ये. मी स्वतः म्हणते तेव्हा किती विश्वासाने म्हणते आणि किती आजीचा आवाज कानात यावा म्हणून म्हणते, ते मला वेगळं काढता येत नाही.

पण तुझा प्रश्न तू आजीलाच विचारावास असं मला फार वाटतं. मोडक्या मराठीत विचार. ती दुखावणार नाही. ८४ वर्षांची आहे, तिला असे प्रश्न आता कुणी विचारत नाही, सगळे गुडघ्यांचं आणि गोळ्यांचंच विचारतात.

आणि एक. गेल्या महिन्यात बायमावशी तिला रिक्षाने आरवलीला घेऊन गेली होती. आजीचं आताचं गाऱ्हाणं म्हणे जवळजवळ सगळं तुझंच असतं. "थय थंडी खूप आसा. तुझे पाय थयसर पोचतत काय माका म्हायत नाय, पण चेडवाक संभाळ." मी फोनवर तिला म्हटलं, अगं, त्याला टोरांटो कुठे सापडणार? आमसुलांचं पार्सल पाठवायला मी तिला आपला पत्ता लिहून दिला होता ना, तो तिने पिशवीतून नेला होता. म्हणाली, "कागद दाखयलंय मियां त्येका."

तुझी,
आई