बातम्यांमध्ये 'सँक्शन' म्हणजे मंजुरी की बंदी?

दोन्ही :) तुम्ही विचारलंय की लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, मग अमेरिकेने एखाद्या बँकेला सँक्शन केलं तर ती रडते का. कारण तिथे अर्थ एकदम उलटा, निर्बंध लावले.

मूळ लॅटिन शब्द कायद्यातला, म्हणजे असा हुकूम जो मोडला तर शिक्षा. त्यातून एक फांदी 'अधिकृत मान्यता' कडे गेली आणि दुसरी 'शिक्षा' कडे, आणि इंग्रजीने दोन्ही ठेवल्या, निस्तरा आता तुम्ही.

ओळखायचं कसं, तर पुढे काय आलंय ते बघा. निधी, योजना, पद असं काही असेल तर मंजुरी. देश, कंपनी, माणूस असेल तर बहुतेक निर्बंध. नाम म्हणून अनेकवचनात, 'सँक्शन्स' असं आलं की जवळपास नेहमी निर्बंधच, जसे 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर संयुक्त राष्ट्रांनी इराकवर लावले होते ते.

खरी गंमत 'सँक्शन्ड' मध्ये आहे. 'स्टेट सँक्शन्ड' हिंसाचार म्हणजे सरकारचा आशीर्वाद असलेला, आणि 'सँक्शन्ड टँकर' म्हणजे निर्बंधांच्या यादीत नाव असलेलं तेलाचं जहाज, शब्द तोच, एकाच पानावर पण येऊ शकतो. भाषांतर करणारे इथेच आपटतात, घाईत 'मंजूर टँकर' लिहून मोकळे होतात. मी स्वतः एकदा असंच छापायला पाठवणार होतो, शेजारच्याने वाचवलं.