आरोग्याची बातमी लिहिण्याआधी

'धोका दुप्पट' असं प्रसिद्धीपत्रकात दिसलं की आधी विचार, कशाच्या दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच. मूळ शोधनिबंध उघड. प्रयोग किती जणांवर झाला, माणसांवर की उंदरांवर, ते बघ. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या, लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणाऱ्या १९९८ च्या निबंधात मुलं होती फक्त १२. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. लसीची भीती अजून फिरतेय.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर देऊ नकोस, एकच कारणही चिकटवू नकोस. मदतीचा क्रमांक मात्र हवाच. 'स्किझोफ्रेनिक' नको, 'स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती' लिही. (संपादक शब्द वाढले म्हणून कुरकुरतील. कुरकुरू देत.) आणि छापण्याआधी रुग्णाला पुन्हा विचार, नाव ठेवायचं ना? माझ्याशी तासभर मोकळेपणाने बोललेल्या एका बाईंनी दुसऱ्याच दिवशी नाव काढायला सांगितलं होतं.