टी रूममध्ये जेवायला जरूर न्या, पण भाड्याची गाडी तिथे लावण्याआधी हे वाचा

"आईबाबा पुण्याहून येताहेत, लीड्सला भाड्याची गाडी घेऊन यॉर्कशर डेल्सच्या ग्रामीण भागातल्या एखाद्या अस्सल इंग्रजी टी रूममध्ये जेवायला न्यायचंय, दीडपर्यंत पोहोचू, मागेच दोन तास फुकट पार्किंग आहे, आईला अंडं चालत नाही." तुमच्या पोस्टमधलं एवढं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. आमचा बेत अगदी हाच होता, फक्त सोबत सासू-सासरे होते.

फुलाफुलांचे कप, लेसचे रुमाल वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते. एक सांगते, दीड म्हणजे उशीर. खेड्यातल्या टी रूमचं स्वयंपाकघर बऱ्याचदा दोन-अडीचला गरम जेवण बंद करतं. दार चारपर्यंत उघडं असतं, पण मग केक आणि स्कोनवर (छोटे गोडसर पाव) भागवावं लागतं. बाराला टेबल धरा. सोमवार-मंगळवार बंद असणारीही बरीच असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन कराच. तीन मजली स्टँडवरचा आफ्टरनून टी, म्हणजे चहासोबत सँडविच, स्कोन आणि केक, हे वेगळं प्रकरण. तो आधी सांगून ठेवावा लागतो, आणि अंडं न खाणाऱ्याला त्यातलं निम्मं तरी परत पाठवावं लागतं. मी तरी सुचवणार नाही.

आता मूळ मुद्दा, ते मागचं पार्किंग. आमच्या ठिकाणी काउंटरवर जॅमच्या बरण्यांशेजारी एक टॅबलेट ठेवलेला होता. त्यावर गाडीचा नंबर टाकला की दोन तास फुकट. नंबर टाकला, हिरवी खूण आली, आम्ही निर्धास्त. पण असल्या ठिकाणी घड्याळ त्या टॅबलेटवर सुरू होत नाही. गेटावरचा कॅमेरा आत येताना आणि बाहेर पडताना नंबर टिपतो आणि मधला सगळा वेळ धरतो. जागा शोधणं, सासऱ्यांना गुडघ्यांमुळे हळूहळू उतरवणं, सगळं त्यात आलं. टी रूममध्ये स्वयंपाकघरात एकदोनच माणसं, ताटल्या एकेक करून येतात, वर चहाची दुसरी किटली. दोन तास कुठे गेले कळलंही नाही. त्यातून पार्किंग कंपनीचं म्हणणं असं, की आमचा नंबर टॅबलेटवर नोंदलाच गेला नाही.

इथवर ठीक होतं, भांडता आलं असतं. पण पैसे मागणारी नोटीस आमच्याकडे आलीच नाही. ती गेली गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे. त्यांनी आम्हाला अवाक्षरानेही न विचारता पैसे भरून टाकले, स्वतःची ॲडमिन फी चढवली आणि सगळं आमच्या कार्डातून कापून घेतलं. पार्किंगवाल्यांना लिहिलं तर उत्तर, "रक्कम भरली गेली, प्रकरण बंद, अपील करता येणार नाही, गाडीवाल्यांशी बोला." गाडीवाले म्हणाले, "आम्ही करारानुसार भरली, पार्किंगवाल्यांशी बोला." बिलावरची वेळ, टॅबलेटच्या पडद्याचा फोटो, सगळं जोडून पाठवलं. दर वेळी नवं नाव सही करायचं आणि मजकूर तोच. सरकारी कचेरीत निदान टेबलापलीकडे माणूस तरी बसलेला असतो, त्याच्यावर डोळे वटारता येतात. इथे ही टोलवाटोलवी चार गोड इंग्रजी वाक्यांत गुंडाळून येते.

म्हणून गाडी घेताना काउंटरवरच विचारा की खासगी पार्किंगची नोटीस आली तर तुम्ही परस्पर भरता की माझं नाव-पत्ता कळवता? उत्तर ईमेलवर घ्या. २०१२ च्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्यानुसार पार्किंगवाल्यांना भाडेकराराची प्रत देऊन गाडीवाल्यांना ती जबाबदारी तुमच्यावर सोपवता येते. मग नोटीस तुमच्या नावाने येते आणि लढायचा हक्क तुमच्याकडे राहतो. ही नोटीस म्हणजे दंड नव्हे, खासगी कंपनीने पाठवलेलं बिल आहे. काउन्सिलची (स्थानिक पालिकेची) पेनल्टी वेगळी, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. खासगी नोटीस सहसा १०० पौंडांपर्यंत असते आणि १४ दिवसांत भरली तर ६० च्या आसपास. आधी त्याच कंपनीकडे २८ दिवसांत अपील करायचं. त्यांनी नाकारलं तर ती कंपनी ज्या संघटनेची सदस्य असेल त्यानुसार पोपला किंवा आयएएस या बाहेरच्या अपील यंत्रणेकडे जाता येतं. नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं तर नोटीस रद्द करावी, असं त्यांच्याच नियमावलीत आहे, ते ठणकावून लिहा. टी रूमच्या मालकिणीलाही सांगून बघा, जागा त्यांची असेल तर त्यांच्या एका शब्दाने काम होतं. मी वकील नाही, आणि हे इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे आहेत.

खरं विचाराल तर गाडीचा हट्टच सोडा. लीड्सहून हॅरोगेटला ट्रेन आहे, ३६ नंबरची बसही जाते. तिथलं बेटीज हे टी रूम १९१९ साली फ्रेडरिक बेलमाँट नावाच्या स्विस माणसाने सुरू केलं, आणि इल्कलीतही त्यांची शाखा आहे, तिथेही लीड्सहून थेट ट्रेन जाते. खेड्यातलं नाही, शनिवारी-रविवारी रांग असते, शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत. आपली माणसं घड्याळाकडे न बघता जेवली पाहिजेत.

आईंच्या खाण्याचं. मेन्यूवरच्या "व्ही" खुणेवर जाऊ नका, इथल्या शाकाहारात अंडं बसतं. "व्हीगन" खूण असेल तर त्यात अंडं नसतं. नाहीतर ॲलर्जीची यादी मागा. १४ घटकांची माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे आणि अंडं त्यात आहे. प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून होणारं जिलेटिन मात्र त्या १४ मध्ये नाही, ते वेगळं विचारावं लागतं. भाजलेला बटाटा, वर बीन्स आणि चीज, हे सगळ्यात सोपं जेवण. पण सोबत न मागता कोलस्लॉचा, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीचा, ढीग येतो आणि त्यातल्या मेयॉनीजमध्ये सहसा अंडं असतं, म्हणून ऑर्डर देतानाच नको म्हणा. सूप भाज्यांचं असलं तरी स्टॉक भाज्यांचा की मांसाचा ते विचारा. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज-टोस्टच की, असं वाटतं, पण त्यात बहुधा वूस्टर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये अँकोव्ही मासे. स्कोनच्या पिठात नसलं तरी वरून चकाकीसाठी अंडं लावलेलं असू शकतं, आणि लेमन कर्ड (दही नव्हे, लिंबाचं गोड क्रीम) तर अंड्याचंच.

बाबांचा चहा राहिला. दूध थंडगार येतं, ओतलं की चहा कोमट. गरम दुधाचा छोटा जग मागितला तर आनंदाने देतात, पैसेही सहसा लावत नाहीत. किटलीत पानं सोडलेली असतील तर पहिला कप लगेच ओतून घ्या, नंतर कडवट होतो. मग गरम पाणी मागा.