अंबाडीचे दावे महिन्यात का तुटते?

प्रश्न : बांधावरच्या अंबाडीचा वाख (सालीचा धागा) काढून गुरे बांधायची दावी वळली. महिनाभरात तुटली. नायलॉनच घ्यावे का?

उत्तर : साल सुटावी म्हणून काड्या पाण्यात कुजवतात; दोष बहुधा त्या कुजवण्यात आहे. अंबाडी फुलावर येताच कापा. बोंडे धरली की वाख राठ होतो. पाने झडू द्या, पेंढ्या बांधा. बुडखा जाड असतो, तो उशिरा कुजतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस पेंढ्या उभ्या करून फक्त बुडखे पाण्यात ठेवा, मग आडव्या बुडवून वर दगड ठेवा. चिखल-माती टाकू नका, वाख काळा पडतो. एकूण आठ ते पंधरा दिवस; गार पाण्यात जास्त. आठव्या दिवसापासून रोज एक काडी सोलून पाहा. साल सरळ निसटली की त्याच दिवशी काढा. दोन दिवसांचा आळस वाखाची ताकद घालवतो.

पीळही तपासा. प्रत्येक पदराला उजवा पीळ दिला, तर तीन पदर एकत्र वळताना डावाच हवा. नाहीतर दोर उकलतो.

आणि दावे शेण-मुतात लोळू देऊ नका. नायलॉन कुजत नाही हे खरे, पण हिसका बसला की जनावराची मान कापते.