वेल्समध्ये वर्ष काढणार असाल, तर ऑगस्टचा पहिला आठवडा आत्ताच राखून ठेवा

प्रश्न असा आहे: नवऱ्याची वर्षभरासाठी कार्डिफला बदली झाली आहे, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे, तिथे वर्षभरात सांस्कृतिक म्हणावं असं काही असतं का, की सगळं इंग्लंडसारखंच?

ताई, ते 'इंग्लंडसारखंच' तेवढं विमानतळावरच सोडून या. इथे कुणासमोर बोललात तर समोरचा हसून सोडून देईल, पण लक्षात ठेवेल. मी पॉन्टिप्रीदला राहते, कार्डिफहून गाडीने अर्धा तास. माझे मोठे दीर लंडनजवळ असतात आणि गेली कित्येक वर्षं हेच ऐकवतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी वर्षाचा हिशेब पटकन उरकते. पेम्ब्रोकशरमधल्या ग्वाइन नदीच्या खोऱ्यात 13 जानेवारीला नवं वर्ष साजरं होतं. 1752 मध्ये सरकारने कॅलेंडर बदललं, ते या खोऱ्याने अजून मनावर घेतलेलं नाही. पोरं दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि खाऊ-पैसे गोळा करतात. त्याच सुमाराला दक्षिणेकडच्या गावांत मारी लुइड निघते: घोडीची कवटी काठीवर, खाली पांढरी चादर, चादरीत माणूस. ही मंडळी दारात उभी राहून आतल्या लोकांशी पद्यात भांडतात, आतले हरले की त्यांनी यांना घरात घ्यायचं आणि प्यायला द्यायचं. आपला कलगी-तुराच, फक्त थंडीत. 25 जानेवारीला सेंट दुइनवेनचा दिवस, म्हणजे इथला प्रेमिकांचा दिवस. 1 मार्च वेल्सच्या संताचा, सेंट डेव्हिडचा, शाळकरी मुली काळी उंच टोपी नि शाल घालून जातात, कोटाला डॅफोडिल. घरोघरी वेल्श केक होतात, मैदा, लोणी, साखर, बेदाणे, आणि भाजायचे ते ओव्हनमध्ये नाही, जाड लोखंडी तव्यावर. तुमचा डोशाचा बिडाचा तवा असेल तर जरूर आणा. या दिवसाची सार्वजनिक सुट्टी मात्र नाही. स्कॉटलंडला आणि उत्तर आयर्लंडला त्यांच्या संतांची सुट्टी आहे, वेल्सला लंडन देत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रग्बी, मेअखेर मुलांचा आइस्टेदवॉड (वेल्श भाषेतल्या काव्य-गायनाच्या स्पर्धा), जुलैत लॅनगॉथलेनचा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव (1947 पासून चालू, 1955 मध्ये एकोणीस वर्षांचा पाव्हारोत्ती, पुढचा जगप्रसिद्ध ऑपेरा गायक, इटलीतल्या मोदेनाच्या गायकवृंदातून आला होता आणि त्यांनी स्पर्धा जिंकली) आणि मग बिल्थ वेल्सजवळ चार दिवसांचं रॉयल वेल्श कृषिप्रदर्शन. कृषिप्रदर्शनाला मुलीला नक्की न्या. मेंढ्या अंघोळ घालून, विंचरून उभ्या करतात.

आता ऑगस्ट. राष्ट्रीय आइस्टेदवॉड म्हणजे आठवडाभराचा साहित्य-संगीताचा मेळा, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत. व्यासपीठावर फक्त वेल्श, हा नियम 1950 पासून. 2024 ला तो आमच्या गावात आला, नदीकाठच्या अनिसअंगहॅराड पार्कमध्ये, जिथे वेल्सचं राष्ट्रगीत रचणाऱ्या बापलेकांचं स्मारक आहे. ते गीत 1856 मध्ये पॉन्टिप्रीदमध्येच झालं.

त्या वर्षाची पार्श्वभूमी सांगते. वेल्सने रग्बीच्या सिक्स नेशन्स या सहा संघांच्या स्पर्धेतले पाचही सामने गमावले होते, 2003 नंतर पहिल्यांदाच तळाला. जेपीआर विल्यम्स आणि बॅरी जॉन, सत्तरच्या दशकातले दोन दैवतासारखे खेळाडू, वर्षाच्या सुरुवातीलाच महिन्याभराच्या आत गेले. पोर्ट टॅलबॉटमध्ये टाटांच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्ट्या बंद व्हायला लागल्या होत्या. शेवटची भट्टी 30 सप्टेंबरला थंड झाली. मी भारतीय म्हटल्यावर भाजीवाला पहिल्यांदा टाटांचंच विचारायचा. त्यात सरकारचा गोंधळ: मार्चमध्ये फर्स्ट मिनिस्टर (इथले मुख्यमंत्रीच म्हणा) मार्क ड्रेकफर्ड पायउतार झाले, व्हॉन गेथिंग आले, जुलैत त्यांनी राजीनामा दिला, आणि आइस्टेदवॉडच्याच आठवड्यात, मंगळवारी 6 ऑगस्टला, एलुनेड मॉर्गन फर्स्ट मिनिस्टर झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. आमच्या चहाच्या तंबूत मात्र गप्पा सोमवारच्या मुकुटाच्या (मुकुट आणि खुर्ची हे इथले दोन मोठे काव्यपुरस्कार), कारण मुक्तछंदाचा मुकुट आमच्या शेजारच्या टोनिरेव्हेलच्या ग्विनवोर डाव्हिदला मिळाला होता.

दीर आणि जाऊबाई त्याच आठवड्यात आमच्याकडे. शुक्रवारी खुर्चीचा समारंभ. भाऊजींना ओढूनच नेलं म्हणा ना. दारातच त्यांचं सुरू, "पाच लाख अडतीस हजार लोकांच्या भाषेसाठी एवढा थाट?" (2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे 5 लाख 38 हजार, म्हणजे 17.8 टक्के. आकडा त्यांना बरोब्बर पाठ होता.) कानाला भाषांतराचा हेडफोन लावून बसवलं.

खुर्ची मिळते ती कॅन्हानेद नावाच्या कडक नियमांच्या छंदातल्या काव्याला. प्रत्येक ओळीत व्यंजनांचा ताळमेळ लागतो, आपली अनुप्रास-यमकं त्यापुढे ढिलीच म्हणायची. कविता टोपणनावाने येते, परीक्षकांनाही कवी कोण हे माहीत नसतं. पात्र कविता नसेल तर खुर्ची देतच नाहीत. मंचावर परीक्षक भर सभेत निकाल वाचतो, कोण कुठे कमी पडलं तेही सांगतो. मग अंधार, कर्णा वाजतो, आणि मुख्य ड्रुइड, म्हणजे झगे घालणाऱ्या कवीमंडळाची प्रमुख, टोपणनाव पुकारून म्हणते, उभा राहा. त्या वर्षी त्या जागी मेरेरिड हॉपवुड होत्या, 2001 मध्ये ही खुर्ची जिंकणारी पहिली बाई. प्रकाशझोत हजार डोक्यांवरून फिरत जातो आणि कुठल्यातरी रांगेत एक माणूस उभा असतो. कार्विन एक्ली, उत्तरेकडचा पत्रकार. विषय होता साखळी. त्याने लिहिलं होतं लहानपणी गेलेल्या वडिलांवर. त्याला जांभळा झगा घालून मंचावर नेलं, त्याच्या डोक्यावर भली मोठी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढून तीनदा विचारलं, शांती आहे का? तिन्ही वेळा अख्ख्या सभेने 'हेदूख', म्हणजे शांती, असं उत्तर दिलं. 1917 मध्ये असंच टोपणनाव पुकारलं तेव्हा कुणी उभं राहिलं नव्हतं. हेद विन नावाचा शेतकरी कवी साधारण पाच आठवड्यांपूर्वी बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला होता. खुर्चीवर काळं कापड टाकलं. हे इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असतं.

भाऊजींच्या शेजारी एक आजी होत्या. समारंभ संपल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही घरी कुठली भाषा बोलता? मराठी, भाऊजी ताठ बसून म्हणाले. आणि मुलं? "त्यांना समजते." आजींनी मान हलवली आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाहेर आल्यावर भाऊजी बर्गरच्या किमतीवर आणि शौचालयाच्या रांगेवर बोलत राहिले. भाऊजी तिथल्या मराठी मंडळात बरीच वर्षं पदाधिकारी आहेत. 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालतात, फेटा बांधतात. त्यांची दोन्ही मुलं त्या कार्यक्रमात इंग्रजीत निवेदन करतात. माझी लेक वेल्श माध्यमात घातली तेव्हा मलाच म्हणाले होते, "उपयोग काय?" ती वेल्श, इंग्रजी आणि मराठी तिन्ही बोलते, आजीशी फोनवर मराठीत भांडते. उपयोग एवढाच.

इथे भाषा अभिमानाने टिकली असं मला वाटत नाही, शाळांनी टिकली. वेल्श माध्यमाची दक्षिणेतली पहिली माध्यमिक शाळा 1962 मध्ये याच पॉन्टिप्रीदजवळ निघाली, तेव्हाही लोक उपयोगच विचारत होते. आपल्याकडे संमेलनाध्यक्ष कोण आणि मंचावर कुठला मंत्री, यावर महिनाभर पेपर भरतात. टोपणनावाने एक कविता मागवून बघा म्हणावं.

सगळंच सोन्याचं आहे असं नाही, तेही सांगते. ड्रुइड, झगे, तलवार हे प्राचीन वगैरे काही नाही, इओलो मॉर्गानुग नावाच्या खटपट्या कवीने 1792 मध्ये लंडनच्या एका टेकडीवर हे सुरू केलं. 2024 लाच नाट्यपदक ऐनवेळी रद्द झालं, कारण नीट सांगितलं नाही, त्यावर बराच काळ धुसफुस चालली. आमच्या खोऱ्यांतल्या कित्येक लोकांनी आइस्टेदवॉडला कधी पाऊल ठेवलेलं नाही. आणि मी दक्षिणेतली. उत्तरेकडच्या ग्विनेदमध्ये दुकानात, बसमध्ये वेल्श ऐकू येते, तिथलं चित्र वेगळं. नोव्हेंबरात वादळं धरून चाला. बर्ट वादळात टाफ नदी आमच्या गल्ल्यांत शिरली, वेल्श मंडळींचा क्लबही पाण्यात गेला, 2020 ला गेला होता तसाच.

2025 चा आइस्टेदवॉड रेक्समला झाला. 2026 चा पेम्ब्रोकशरच्या उत्तर टोकाला, कार्डिगनजवळ आहे. 1176 मध्ये तिथल्या राजाने, लॉर्ड रीसने, कार्डिगनच्या किल्ल्यातच विजेत्या कवीला खुर्ची दिली होती. कार्डिफहून लांब पडतं, राहायची सोय आधीच करा, आणि शुक्रवार चुकवू नका.

मुलीच्या शाळेचं तुम्ही विचारलंच नाहीत, तरी सांगते. एका वर्षासाठीच येत असाल तर इंग्रजी माध्यमात घाला, तिथेही वेल्श शिकवतातच. मुक्काम वाढेल असं वाटत असेल तर सरळ वेल्श माध्यमात, उशिरा येणाऱ्या मुलांना भाषा शिकवायची वेगळी सोय कार्डिफमध्ये आहे. आणि घरी मराठीच. जवळच्या मंडळात फेटा बांधून कुणी उपयोग विचारला, तर त्यांच्या मुलांशी मराठीत बोलून बघा.